हूद, उद्र आणि ऑटर

सिंधुदुर्गातल्या एका खाडीत, ओहोटीने उघड्या पडलेल्या कातळावर मी उकिडवी बसले होते. समोर मूठभर काळपट विष्ठा होती, अजून ओलसर. तिच्यात माशांचे खवले अभ्रकासारखे चमकत होते. काडीने उसवून पाहिलं, तर खेकड्याच्या नांगीचा लालसर तुकडा निघाला आणि माशाच्या कण्याचे बारीक मणी. वास उग्र, सुक्या मासळीच्या बाजारात येतो तसा. होडी धरून उभ्या असलेल्या काकांनी लांबूनच सांगितलं, "रातीक हूद येऊन गेलो, गो बाय."

मी वहीत लिहिलं, 'पाणमांजर'. पुस्तकात तेच नाव आहे, वनखात्याच्या फलकावरही तेच. पण घरी आल्यावर 'हूद' या शब्दाच्या मागे लागले आणि लक्षात आलं की काकांनी मला जो शब्द दिला होता, तो माझ्या वहीतल्या शब्दापेक्षा कितीतरी जुना होता.

संस्कृतात या प्राण्याला 'उद्र' म्हणतात. शुक्ल यजुर्वेदाच्या 24व्या अध्यायात अश्वमेधाच्या वेळी कोणत्या देवतेला कोणता प्राणी, याची लांबलचक यादी आहे. तिच्यात "अपाम् उद्रः" असे शब्द येतात. म्हणजे पाण्यासाठी उद्र. आता उद्रचा हूद कसा झाला, ते आपल्या रोजच्या शब्दांतच दिसतं. सप्तचं प्राकृतात सत्त झालं आणि मराठीत सात. हस्तचं हत्थ, मग हात. जोडाक्षर आधी एकाच अक्षराचं द्वित्त होतं, मग ते द्वित्त सुटतं आणि आधीचा स्वर लांबतो. त्याच वाटेने उद्र, उद्द, ऊद. यातला 'उद्द' पालीत जसाच्या तसा सापडतो. पुढे 'ऊद'ला 'ह' चिकटला, ओठाला होठ म्हणतात तसा. कोकणात आणि गोव्यात कुठे ऊद, कुठे हूद ऐकू येतं.

'उद्र'च्या पोटात पाणी आहे. उद म्हणजे पाणी. त्याचंच उदक, उदधी. आपण मराठीत उदक फक्त सोडतो, तेही हक्कावर किंवा आशेवर. पण कोकणी बोलणारा माणूस तहान लागली की उदकच मागतो. त्यामुळे ज्याच्या घरात 'उदक' आहे, त्याच्या खाडीत 'हूद' असावा यात नवल नाही. 'समुद्र' या शब्दातही सम् आणि उद्र आहेत, एकत्र आलेलं पाणी. तिथला उद्र प्राणी नव्हे, पण शब्द एकाच घरातले.

हे घर फार मोठं आहे. लिथुआनियन भाषेत या प्राण्याला 'ऊद्रा' म्हणतात, रशियनमध्ये 'वीद्रा', जुन्या इंग्रजीत 'ओटोर', आजच्या इंग्रजीत 'ऑटर'. हे शब्द एकमेकांकडून उसने घेतलेले नाहीत. पाच-सहा हजार वर्षांपूर्वी बोलल्या जाणाऱ्या एका मूळ भाषेतून ते या सगळ्यांकडे वारशाने आले. मग इंग्रजीत 'द'चा 'ट' का? याकोब ग्रिम या जर्मन अभ्यासकाने 1822 मध्ये त्याचा नियम मांडला: जर्मन आणि इंग्रजीच्या पूर्वज भाषेत मूळचा 'द' सरसकट 'ट' झाला. द्वि आणि टू, दश आणि टेन, उदक आणि वॉटर, उद्र आणि ऑटर अशा जोड्या लावून बघा. शब्दांचं शास्त्र भौतिकशास्त्राइतकंच शिस्तीचं असू शकतं, हे मला या जोड्यांनीच पटवलं.

ग्रीकांनी मात्र शब्द ठेवला आणि प्राणी बदलला. त्यांच्याकडे 'हायड्रा' झाली पाण्यातली सापीण, पुराणकथेतली अनेक तोंडांची. पाणमांजराला त्यांनी 'एनुद्रिस', म्हणजे पाण्यात राहणारं, असं वेगळं नाव दिलं. पॅसिफिक महासागरातल्या समुद्री पाणमांजराचं 'एनहायड्रा' हे शास्त्रीय नाव तिथूनच आलं.

सगळ्यात जास्त मान या प्राण्याला अवेस्तात, म्हणजे पारशी बांधवांच्या प्राचीन धर्मग्रंथात, मिळाला. तिथेही नाव 'उद्र'च. त्यातल्या 'वेंदिदाद' या भागाच्या 13व्या आणि 14व्या प्रकरणांत उद्र हा पाण्यातला कुत्रा आहे. कुत्रा मेला की त्याचा अंश पाण्यात जातो, आणि हजार नर व हजार मादी कुत्र्यांच्या अंशांतून उद्रांची एक जोडी जन्मते. त्याला मारलं तर दुष्काळ पडतो, कुरणं वाळतात. मारणाऱ्याला शिक्षा 10,000 फटक्यांची. नदीतला हा प्राणी गेला की पाणीही जातं, असं त्या लोकांना वाटत होतं, आणि त्यांचं निरीक्षण मला अगदी चुकीचं वाटत नाही. मासे आणि खेकडे भरपूर असलेल्या पाण्यातच तो टिकतो.

आपल्याकडच्या जातककथांतला उद्द जास्त घरगुती आहे. एका कथेत दोन उद्द मिळून मोठा रोहित मासा पकडतात आणि वाटणीवरून भांडतात. त्यांची नावं फार सुंदर आहेत: गंभीरचारी आणि अनुतीरचारी. एक खोल पाण्यात वावरणारा, दुसरा काठाकाठाने जाणारा. कोल्हा न्यायाधीश होतो, एकाला डोकं देतो, दुसऱ्याला शेपूट, आणि मधला भाग स्वतः घेऊन जातो. पण मला या कथेतली नावंच जास्त आवडतात. ती ठेवणाऱ्याने काठावर बसून हा प्राणी खरोखर पाहिला असणार.

कुत्रा की मांजर, हा प्रश्न आपल्या शेजारातही आहे. गुजरातीत जळबिलाडी, आपल्याकडे पाणमांजर. पण घाट चढून कर्नाटकात गेलं की 'नीरुनायी', पाण्यातला कुत्रा. तमिळ, मल्याळम आणि तेलुगूतही कुत्राच. प्राणिशास्त्राला विचारलं तर कौल दक्षिणेच्या बाजूने जातो. मांसभक्षी प्राण्यांच्या दोन मोठ्या शाखा आहेत: एकीत मांजर, वाघ, तरस, मुंगूस, दुसरीत कुत्रा, लांडगा, अस्वल. पाणमांजर दुसऱ्या शाखेवर आहे. त्याचं कुळ मुस्टेलिडी, म्हणजे आपलं चांदीअस्वल (इंग्रजीत हनी बॅजर) त्याचा भाऊबंद. मांजराशी त्याचं नातं मिशांपुरतं, आणि त्या मिशाही वेगळ्याच कामाच्या. गढूळ पाण्यात जिथे डोळे चालत नाहीत, तिथे मासा वळल्याने पाण्यात उठणारी हालचाल त्या टिपतात.

खरा गोंधळ 'उदमांजर' या नावाने होतो. मराठीत उदमांजर म्हणजे बहुतेक ठिकाणी कांडेचोर, रात्री कौलांवरून चालणारा, माडावर चढून ताडी पिणारा प्राणी. तो खरोखर मांजरांच्या शाखेवरचा. हिंदीत मात्र 'ऊदबिलाव' म्हणजे पाणमांजर. हिंदी बातमीचं घाईत भाषांतर झालं की ऊदबिलावाचं उदमांजर होतं आणि नदीतला प्राणी थेट माडावर जाऊन बसतो. गोव्याकडे काही जण पाणमांजरालाच उदमांजर म्हणतात, त्यामुळे गुंता आणखी वाढतो. शिवाय आपल्याकडे धुपातला ऊदही आहे, तो अरबीतून आलेला. कांडेचोराच्या अंगाला ग्रंथींमुळे दरवळ असतो, तेव्हा त्याच्या नावातला ऊद धुपाचा असावा, हे मला पटतं.

हा गोंधळ निरुपद्रवी नाही. पाणमांजरांची नोंद बरीचशी गावकऱ्यांच्या सांगण्यावरून सुरू होते. "उदमांजर बघितलंत का?" असं विचारलं, समोरच्याने "तर! रोज पोफळीत येतं" असं सांगितलं, आणि आपण नदीपुढे खूण केली, तर नकाशाच चुकला. इंग्रजीतही असंच झालंय. स्पॅनिशमध्ये 'नुट्रिया' म्हणजे पाणमांजर; इंग्रजीत तेच नाव दक्षिण अमेरिकेतल्या एका मोठ्या, गवत खाणाऱ्या कृंतकाला, म्हणजे उंदीर-घुशींच्या गणातल्या प्राण्याला, चिकटलं.

भारतात पाणमांजरांच्या तीन जाती आहेत आणि त्यांची शास्त्रीय नावंही ऐकण्यासारखी. खाड्यांत, कांदळवनांत, गोव्यात मांडवीतल्या चोडण बेटाभोवती कळपाने दिसतो तो मऊ, तुकतुकीत केसांचा मोठा हूद, सात ते अकरा किलोंचा. त्याचं नाव 'लुट्रोगाले पर्स्पिसिलाटा', यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ चष्मेवाली. सह्याद्रीच्या ओढ्यांत खेकडे खाऊन राहणारी जात जगातल्या पाणमांजरांत सर्वांत लहान. तिचं नाव 'एओनिक्स', म्हणजे नखं नसलेली. नखं असतात, पण इतकी आखूड की बोटं पुढे येतात. त्या बोटांनी ती दगडाखाली चाचपून खेकडा काढते. तिसरी 'लुट्रा लुट्रा', युरोपपासून आशियाभर पसरलेली; तिचा माग 2016 मध्ये मध्य भारतातल्या सातपुड्यात कॅमेऱ्यात सापडला.

यांची कातडी दाट, दुहेरी केसांची, पाणी आत जाऊ न देणारी. तीच त्यांच्या जिवावर उठली. कातड्यांसाठी शिकार झाली आणि पुढे लहान जातीची पिल्लं पाळण्यासाठी विकली जाऊ लागली. 2019 मध्ये पहिल्या दोन्ही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. जाळी फाडतो म्हणून कोळ्यांचा राग असतो, तोही खरा आहे. फाटलेल्या जाळ्याची भरपाई न देता कुणाला प्राणिप्रेम सांगू नये, असं मला वाटतं.

त्या खाडीवर मी पुन्हा गेले, तेव्हा काकांना विचारताना 'हूद'च म्हटलं. मग त्यांनी आपणहून सांगितलं की शीळ घातल्यासारखा आवाज येतो, पाच-सहा जण एका ओळीने पोहतात, आणि कातळावरची जागा वर्षानुवर्षं तीच असते. आधीच्या वेळी, मी 'पाणमांजर' म्हणत होते तेव्हा, ते फक्त मान हलवत होते.

गोदावरीच्या, वैनगंगेच्या, तापीच्या काठचे जुने भोई आणि कोळी या प्राण्याला काय म्हणतात, ते जमेल तसं विचारा आणि गावाच्या व नदीच्या नावासह लिहून ठेवा. आणि विचारताना प्राण्याचं नाव आधी तुम्ही सांगू नका. पाण्यात राहतो, मासे खातो, कातळावर खवल्यांची विष्ठा टाकतो, एवढंच सांगा.