वय नेमकं कशाचं मोजलं?

पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर लेणं किती जुनं? याला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी. लेणं साधारण आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं मानलं जातं. ते ज्या काळ्या कातळात कोरलंय, तो मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून तयार झाला. म्हणून कुठलीही गोष्ट ‘अमुक इतकी जुनी’ असं वाचलं की मी आधी विचारते, वय नेमकं कशाचं मोजलं?

कातळातलं पोटॅशियम-४०, म्हणजे पोटॅशियमचा किरणोत्सारी प्रकार, फार संथपणे मोडत असतं आणि त्यातल्या काहीचा आर्गॉन वायू होतो. वितळलेल्या लाव्ह्यातून हा वायू निसटतो. खडक घट्ट झाला की आतच साठू लागतो. साठलेला आर्गॉन सांगतो तो खडक थिजल्याचा काळ. छिन्नीच्या घावांनी त्यात काहीच फरक पडत नाही, त्यामुळे लेण्याचा काळ खांबांच्या आणि शिल्पांच्या घडणीवरूनच ठरवावा लागतो.

इनामगावच्या प्राचीन वसाहतीचं तसं नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी हे त्यातले मोठे पुरातत्त्वज्ञ. घराच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि त्यांत तान्ह्या मुलाची हाडं, अशी दफनं तिथे सापडली. जळून कोळसा झालेलं धान्यही मिळालं. काळ मोजायला असं धान्य म्हणजे सोनंच.

कारण सजीव जिवंत असेपर्यंत हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, त्याच्यात येत राहतो. तो मेला की आवक थांबते आणि आहे तो घटू लागतो, ५,७३० वर्षांत निम्मा. तीन हजार वर्षांपूर्वीच्या दाण्यात सुरुवातीच्या कार्बन-१४ पैकी साधारण ७० टक्केच उरतो. विलर्ड लिबी यांना या पद्धतीसाठी १९६० साली नोबेल मिळालं. हवेतलं कार्बन-१४चं प्रमाण शतकानुशतकं सारखं राहिलेलं नाही, म्हणून आलेला आकडा झाडांच्या वर्षवलयांशी ताडून दुरुस्त करतात.

इथेही तोच प्रश्न. चुलीतला कोळसा जुन्या झाडाच्या गाभ्याचा असेल, तर तो गाभ्याचं वय सांगणार. चूल त्यानंतर शे-दोनशे वर्षांनीही पेटलेली असू शकते. धान्य एका हंगामाचं असतं, म्हणून त्याच्यावर माझा जास्त भरवसा.

जुन्नर तालुक्यातल्या बोरीला कुकडीच्या काठावर ज्वालामुखीची राख आणि अश्मयुगीन दगडी हत्यारं सापडली, तेव्हा हा पेच फारच वाढला. काही मोजणींत राख सहा लाख वर्षांहून जुनी ठरली. तिच्या रासायनिक घडणीवरून मात्र काही संशोधकांनी ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची असल्याचं मांडलं. शिवाय राखेचं वय म्हणजे उद्रेकाचं वय. नदीने ती इथे कधी आणून टाकली आणि हत्यारं मूळची त्याच थरातली की वाहत आलेली, हे काठावरचे थर एकेक करून तपासल्याशिवाय कळत नाही.