नीट क्वालिफाय झाला, मग सीट का नाही? दोन कटऑफची भानगड

नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की सांगलीत विश्रामबागपासून पार मिरजेपर्यंत क्लासवाल्यांचे फ्लेक्स लागतात, पासपोर्ट साईझ फोटोंच्या रांगा आणि खाली "नीट क्वालिफाईड". घरी पेढे वाटून होतात. मग कॅप राउंडची (कॉलेजच्या सीटा वाटायच्या सरकारी प्रवेश फेरीची) पहिली यादी येते, त्यात पोराचं नाव नसतं, आणि घरचे म्हणतात अहो पण कटऑफच्या वर मार्क आहेत ना त्याचे. आहेत की, वरच आहेत, फक्त तो कटऑफ वेगळा आणि सीटचा कटऑफ वेगळा.

पहिला आहे तो पात्रतेचा. नीट घेणारी केंद्राची संस्था एनटीए तो निकालासोबतच जाहीर करते, अख्ख्या देशाला एकच. ओपनला ५० पर्सेंटाइल, एससी, एसटी, ओबीसीला ४० पर्सेंटाइल. आता हे ५० म्हणजे ५० टक्के मार्क नव्हे हां, इथं निम्मे पालक घसरतात. परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्मी पोरं तुमच्याएवढी किंवा तुमच्या खाली असली की झालं तुमचं ५० पर्सेंटाइल. २०२५ ला ७२० पैकी १४४ मार्कांना ओपनची पात्रता आली आणि राखीवची ११३ ला. गोंधळात भर म्हणजे बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ५० टक्के लागतात (राखीवला ४०) अशी वेगळी अट आहे, ती खरोखर टक्क्यांचीच, त्यामुळं "पन्नास लागतात" एवढंच कुणीतरी ऐकून येतं आणि दोन्हीची खिचडी होते.

दुसरा कटऑफ कुणी आधी ठरवतच नाही, तो नंतर तयार होतो. म्हणजे समजा मिरजेच्या गव्हर्मेंट मेडिकलला तुमच्या कॅटेगरीतली शेवटची सीट ज्या पोराला गेली त्याचा रँक, तोच कटऑफ. त्यामुळं तो कॉलेजगणिक वेगळा, कॅटेगरीगणिक वेगळा, राउंडगणिक वेगळा, मिरजेचा एक आणि साताऱ्याचा दुसरा, आणि त्यातही ऑल इंडियाच्या १५ टक्के जागांचा एक (त्या एमसीसी, म्हणजे केंद्राची मेडिकल प्रवेशाची समिती, भरते) आणि राज्याच्या ८५ टक्क्यांचा दुसरा (त्या आपल्या राज्याचा प्रवेश विभाग, सीईटी सेल, भरतो). कुस्तीला वजन भरलं की आखाड्यात उतरता येतं, गदा त्यावर मिळत नाही, तेवढाच फरक आहे हा.

आकडे बघितले की चित्र स्पष्ट होतं. २०२५ ला परीक्षा दिली बावीस लाखांहून जास्त पोरांनी, पात्र झाली १२ लाख ३६ हजारांच्या आसपास. (निम्म्यापेक्षा जास्त कशी, तर राखीवची रेघ ४० वर आहे म्हणून.) आणि एमबीबीएसच्या सीटा सगळ्या देशात मिळून सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या साधारण निम्म्याच गव्हर्मेंटच्या. म्हणजे पात्र झालेल्या दहातल्या नऊ जणांना एमबीबीएस मिळणारच नाही हे निकालाच्या दिवशीच ठरलेलं असतं. फ्लेक्सवर हे कुणी छापत नाही. क्लास लावायला जाल तेव्हा "किती क्वालिफाय झाले" विचारूच नका, "गव्हर्मेंट एमबीबीएसला किती लागले आणि त्यातले रिपीटर (परत परीक्षा दिलेले) किती" हे विचारा, आणि समोरचा चहा मागवायला लागला तर काय ते समजून घ्या.

अजून एक, हे दोन कटऑफ एकत्र वरखाली होत नाहीत. २०२४ ला ओपनची पात्रता १६२ होती, २०२५ ला १४४, म्हणजे फरक अठराच मार्कांचा. पण सीटचं बघा, २०२४ ला ६०० मार्कवाल्याचा रँक ऐंशी हजारांच्या आसपास होता, आणि २०२५ ला पेपर, त्यातही फिजिक्स, असा काही आला की ६०० च्या वर अख्ख्या देशात जेमतेम तेराशे-चौदाशे पोरं होती. आपल्याकडं ओपनमधून गव्हर्मेंट सीट २०२४ ला सहाशेच्या वर जाऊन थांबली होती, पुढच्या वर्षी पाचशेच्या आसपास आली. कारण पात्रता गर्दीच्या मधल्या पोरावर ठरते आणि सीट वरच्या टोकाच्या पोरांवर, आणि मधलं पोरगं पेपर सोपा असो वा अवघड, फार हलत नाही. म्हणून शेजारच्या ताई "आमच्या ह्याला इतक्या मार्कांना लागलं होतं" म्हणाल्या तर आधी वर्ष विचारा, आणि मार्क सोडून रँक विचारा.

कॅटेगरीचे नियमही दोन्हीकडं सारखे नाहीत. ईडब्ल्यूएसला (ओपनमधल्या आर्थिक दुर्बलांना) सीटांमध्ये १० टक्के आरक्षण आहे पण पात्रतेत सूट काहीच नाही, तिथं ओपनसारखंच ५० पर्सेंटाइल. एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) राज्यात आहे, केंद्राच्या यादीत नाही. राज्याच्या जागांत मुलींना ३० टक्के वेगळ्या आहेत, ऑल इंडियात तसं नाही. आणि कराडचं कृष्णा किंवा सांगलीचं भारती विद्यापीठ ही डीम्ड, म्हणजे विद्यापीठाचा दर्जा मिळालेली खाजगी, तिथल्या सगळ्या सीटा एमसीसीमार्फत, त्यामुळं तुमचा स्टेट मेरिट नंबर तिथं चालतच नाही. तिथला कटऑफ बराच खाली दिसतो तो बघून हुरळू नका, आधी वर्षाची फी बघा.

अभ्यासावर याचा परिणाम होतो आणि मला तरी तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. १४४ मार्क म्हणजे १८० पैकी ४५ प्रश्न बरोबर आणि ३६ चुकले तरी चालतात, हिशोब करून बघा. बायोलॉजीचे एकट्याचे ९० प्रश्न आहेत, म्हणजे फिजिक्सचं पुस्तक न उघडता पोरगं क्वालिफाय होऊ शकतं, आणि होतातही. मॉक टेस्टला १८०-२०० पडले की घरच्यांना वाटतं कटऑफ ओलांडला, आता थोडंच राहिलं, आणि तिथंच गाडी निवांत होते. गव्हर्मेंट सीट पाहिजे तर बायोलॉजी सगळ्यांचीच चांगली असते, फरक पडतो तो फिजिक्स आणि केमिस्ट्रीच्या गणितांवर.

बरं मग नुसत्या पात्रतेचा उपयोग काय, तर आहे. बीडीएस (दातांचं), बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) यांना तीच लागते आणि तिथले सीटचे कटऑफ एमबीबीएसच्या खूप खाली येतात. परदेशात एमबीबीएसला जायचं तर नीट क्वालिफाय असणं सक्तीचं आहे आणि तो निकाल तीन वर्षं चालतो. कधीकधी सीटा रिकाम्या राहिल्या तर पात्रताच खाली आणतात, २०२०-२१ ला सुप्रीम कोर्टानं बीडीएससाठी १० पर्सेंटाइल कमी करायला लावलं होतं, पण त्या आशेवर बसू नये. शिरवळच्या व्हेटरनरी कॉलेजलाही नीटचेच मार्क बघतात, फक्त अर्ज माफसूचा (राज्याच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचा) वेगळा भरावा लागतो आणि तो भरायचं बरेच जण विसरतात.

सीटचा कटऑफ बघायचा तर यूट्यूबवरचे "एक्स्पेक्टेड" व्हिडिओ सोडा, सीईटी सेल आणि एमसीसीच्या साईटवर मागच्या वर्षाच्या राउंडवार याद्या पीडीएफमध्ये असतात. त्यात आपलं कॉलेज, आपली कॅटेगरी, आपला कोटा शोधायचा आणि पहिल्या राउंडवर न थांबता शेवटच्या राउंडपर्यंत जायचं, रँक किती खाली सरकतो ते तिथंच कळतं. पीडीएफ लांबलचक असतात, मोबाईलवर डोळे फुटतात, सरळ कॉम्प्युटरवर बसा.