कॅमेऱ्याची पर्यायी बॅटरी आणि तिच्यातले दोन सेल

दुसऱ्या कंपनीची बॅटरी घातली की कॅमेऱ्याचं सर्किट जळतं, असं मत सतत ऐकू येतं. याच्या नेमकं उलट मतही तितक्याच ठामपणे मांडलं जातं: आतले सेल सगळीकडे सारखेच, मूळ कंपनी फक्त नावाचे पैसे घेते. दोन्ही मतं चुकीची आहेत. दुसऱ्या मताची चूक जास्त रंजक आहे, म्हणून पहिलं आधी उरकू.

डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांच्या बॅटरीत बहुतेक वेळा लिथियम-आयनचे दोन सेल एकसर जोडणीत (सीरिजमध्ये, एकापाठोपाठ एक) असतात. पूर्ण चार्ज झालेल्या एका सेलचं व्होल्टेज ४.२, रिकामा होत आलेल्याचं ३ च्या आसपास. म्हणजे अख्ख्या बॅटरीचं ८.४ पासून ६ पर्यंत. लेबलवरचे ७.२ व्होल्ट ही मधली, नाममात्र किंमत. कॅमेऱ्यातली सर्किटं या सगळ्या पट्ट्यात चालावीत म्हणूनच बनवलेली असतात, आणि किती धारा घ्यायची हे कॅमेरा ठरवतो, बॅटरी नाही. बॅटरीची क्षमता जास्त असली म्हणून कॅमेऱ्यात जास्त धारा शिरत नाही. त्यामुळे योग्य व्होल्टेजच्या पर्यायी बॅटरीने कॅमेरा जळण्याची शक्यता फारच कमी. खरा धोका असतो तो बॅटरीला स्वतःला: चार्जिंगच्या वेळी तापण्याचा आणि फुगून खोबणीत अडकण्याचा.

आता सेल. एकसर जोडणीत दोन्ही सेलमधून एकच धारा वाहते. चार्जरला मात्र दिसते ती फक्त दोघांच्या व्होल्टेजची बेरीज. बेरीज ८.४० झाली की तो व्होल्टेज तिथेच धरून ठेवतो, धारा हळूहळू कमी होऊ देतो आणि ती पुरेशी खाली आली की थांबतो. दोन्ही सेल तंतोतंत सारखे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ४.२० येतात. पण कोणतेही दोन सेल तंतोतंत सारखे नसतात. समजा एक सेल किंचित ‘गळका’ आहे, म्हणजे नुसता पडून असताना त्याचा प्रभार दुसऱ्यापेक्षा लवकर कमी होतो. काही महिन्यांत तो काही टक्क्यांनी मागे पडला. आता चार्जिंगच्या शेवटी बेरीज ८.४० दिसते खरी, पण एक सेल ४.१५ वर असतो आणि दुसरा ४.२५ वर. मर्यादेबाहेर जातो तो गळका सेल नव्हे, त्याचा चांगला जोडीदार. ४.२ च्या वर इलेक्ट्रोलाइटचं, म्हणजे सेलमधल्या द्रावणाचं, विघटन वाढतं, वायू तयार होतो, ऋणाग्रावर (सेलच्या ऋण बाजूच्या इलेक्ट्रोडवर) धातुरूप लिथियम साचू शकतं. त्यामुळे चांगल्या सेलची क्षमता घटते.

खालच्या टोकाला उलटं घडतं. बॅटरी वापरताना मागे पडलेला सेल आधी रिकामा होतो. तो २.५ व्होल्टपर्यंत घसरला आणि दुसरा ३.५ वर असला तरी बेरीज ६ भरते, म्हणून कॅमेऱ्याला काहीच खटकत नाही. सेल यापेक्षाही बराच खाली, २ व्होल्टच्या आत जाऊन तसाच राहिला, तर ऋणाग्राच्या मागची तांब्याची पातळ पत्री इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळू लागते. पुढच्या चार्जिंगमध्ये तेच तांबं नको तिथे साचतं आणि सेलच्या आत शॉर्ट होण्याची वाट तयार होते. म्हणजे वरच्या टोकाला एक सेल खराब होतो, खालच्या टोकाला दुसरा, आणि दर फेरीला दरी रुंदावते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, दोन सेलच्या मधल्या जोडावरून एक तार बॅटरीतल्या संरक्षक सर्किटपर्यंत नेणं, म्हणजे प्रत्येक सेलवर स्वतंत्र नजर राहते आणि कोणताही एक साधारण ४.२५ ते ४.३ व्होल्टच्या पुढे गेला की बॅटरीच बंद होते. दुसरा, मुळात सेल जुळवूनच जोडणं: क्षमता आणि अंतर्गत रोध मोजायचा, सेल काही दिवस ठेवून व्होल्टेज किती उतरलं ते पाहायचं आणि मग सारख्याला सारखा लावायचा. त्यासाठी कारखान्यात माल अडकून पडतो, आणि किमतीतला काही फरक या थांबण्यातून येतो. चांगल्या पर्यायी कंपन्या हे करतात. फार स्वस्त बॅटरीत पहिली काटछाट इथेच होते, आणि ती बाहेरून अजिबात दिसत नाही.

दुसरी काटछाट तापमापकात होते. चार्जरला बॅटरीचं तापमान कळावं म्हणून आत एक थर्मिस्टर असतो. बऱ्याचदा २५ अंशांना त्याचा रोध १० किलोओहम असतो आणि तापल्यावर तो कमी होत जातो. काही स्वस्त बॅटऱ्यांत त्याच्या जागी १० किलोओहमचा साधा रोधक बसवलेला सापडतो. मग बॅटरी हाताला चटका देत असली तरी चार्जरच्या लेखी तापमान २५ च राहतं. चार्जिंगच्या शेवटच्या अर्ध्या तासात बॅटरी कोमट असणं ठीक. हात टेकवत नसेल तर ती बॅटरी बाद करा.

‘४० टक्के दिसत होते आणि एकदम बंद पडली’ ही तक्रार पर्यायी बॅटऱ्यांबद्दल नेहमी असते. तिचं कारण अंतर्गत रोधात आहे. टोकांना मिळणारं व्होल्टेज म्हणजे सेलचं मूळ व्होल्टेज वजा धारा गुणिले अंतर्गत रोध. सलग फोटो काढताना फोकसची मोटर, शटर आणि प्रोसेसर मिळून क्षणभर २ अँपिअर घेतात असं धरू. रोध ०.१५ ओहम असेल तर ०.३ व्होल्टची घट होते, ०.५५ असेल तर १.१ ची. मूळ व्होल्टेज ७ असताना दुसऱ्या बॅटरीचं क्षणात ५.९ होतं आणि कॅमेरा मान टाकतो. ऊर्जा आत शिल्लक असतेच, म्हणून पाच मिनिटांनी तीच बॅटरी पुन्हा चालू होते. थंडीत रोध वाढतो, त्यामुळे दुबळी बॅटरी तिथे आधी उघडी पडते. टक्क्यांचा आकडा बॅटरीतली चिप कॅमेऱ्याला कळवते. ती चिप नीट मोजणारी नसेल तर आकडा नुसता अंदाज असतो.

लेबलवरच्या मिलिअँपिअर-तासांवर, म्हणजे क्षमतेच्या आकड्यावर, सगळ्यात कमी विश्वास ठेवा. कॅननची एलपी-ई६ ही बॅटरी २००८ मध्ये १८०० ची होती. त्याच आकाराची एलपी-ई६एनएच २०२० मध्ये २१३० ची आली. १२ वर्षांत सुमारे १८ टक्के वाढ. अशा वेळी त्याच खोक्यात कोणी ३००० छापत असेल, तर तो आकडा सेलमध्ये नाही, फक्त शाईत आहे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून बघा. सोनीची एनपी-एफझेड१०० सुमारे ८३ ग्रॅमची आणि १६.४ वॉट-तासांची आहे, म्हणजे किलोला साधारण २०० वॉट-तास. वजन त्याहून कमी आणि दावा बराच जास्त, असं एकत्र दिसलं की समजून जा. अंगातच यूएसबी-सी खाच असलेल्या बॅटरीत ते सर्किटही सेलचीच जागा खातं.

पहिल्यांदा आठ तास चार्ज करा, दर वेळी पूर्ण संपवूनच लावा, फ्रीजरमध्ये ठेवा हे सल्ले सोडून द्या. ‘मेमरी’चा दोष, म्हणजे अर्धवट वापरून चार्ज केल्याने क्षमता घटणं, निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा होता. लिथियम-आयनला तळापर्यंत नेणं उलट घातक. महिनोन्महिने वापरणार नसाल तर ४०-५० टक्क्यांवर थंड, कोरड्या जागी ठेवा. शून्य अंशाखाली चार्ज करू नका.

नवी बॅटरी आल्यावर एक चाचणी जरूर करा. पूर्ण चार्ज करा, तासभर थांबा, मल्टीमीटरने धन आणि ऋण टोकांमधलं व्होल्टेज मोजा. ते ८.३ च्या आसपास हवं. मोजताना मीटरच्या दोन सुया एकमेकींना चिकटू देऊ नका. दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा. ८.२ च्या बरंच खाली गेलं असेल तर एखादा सेल गळका आहे किंवा सर्किट वीज खातंय. परतीची मुदत असेपर्यंत परत करा. मग एकाच सेटिंगवर सलग व्हिडिओ चालवून मूळ बॅटरी किती मिनिटं चालते आणि नवी किती, ते बॅटरीवर चिठ्ठी लावून लिहून ठेवा. सहा महिन्यांनी हाच आकडा उपयोगी पडतो. बॅटरी ग्रिपमध्ये (कॅमेऱ्याला खालून जोडायच्या, दोन बॅटऱ्या मावणाऱ्या पकडीत) नवी-जुनी किंवा दोन कंपन्यांची जोडी लावू नका.

कॅमेऱ्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) बदलताना मात्र मूळ बॅटरीच, पूर्ण चार्ज करून घाला. मध्येच वीज गेली तर कॅमेरा निकामी होऊ शकतो. फर्मवेअर बदलल्यावर पर्यायी बॅटरी नाकारली जाण्याचीही तयारी ठेवा: पॅनासॉनिकने २००९ मध्ये काही कॅमेऱ्यांत सुरक्षेचं कारण देऊन हेच केलं होतं. आणि स्वतःच्या नावाने विकणारी पर्यायी कंपनी वेगळी, मूळ कंपनीचं नाव छापलेली नकली बॅटरी वेगळी. नकलीच्या मागे जाब विचारायला कोणीच नसतं, म्हणून ती सगळ्यात वाईट.

बॅटरी खोबणीत घट्ट बसू लागली तर ती फुगायला लागली आहे. त्याच दिवशी बाहेर काढा. अडकली असेल तर स्क्रू-ड्रायव्हर किंवा चिमट्याने ओढू नका. कॅमेरा उलटा धरून तळहातावर हलकेच आपटा. तरीही निघाली नाही तर दुरुस्ती केंद्रात न्या. निघालेली बॅटरी पुन्हा चार्ज न करता टोकांवर चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा केंद्रात द्या. घरच्या कचऱ्यात ती दाबली गेली तर पेट घेऊ शकते.