‘कऱ्हाड’ नेमकं कसं साठवायचं?

सातारा जिल्ह्यातल्या ऊस उत्पादकांच्या नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम लिहायचा आहे, असं समजा. गावाच्या रकान्यात दोघांनी ‘कऱ्हाड’ टाइप केलं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण शोधायला गेलं की एकच सापडतं. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे. साध्या ‘र’ला नुक्ता, म्हणजे खालचा टिंब, जोडूनही तेच अक्षर होतं. काही कीबोर्ड तर ‘र’, हलन्त आणि ‘झीरो विड्थ जॉइनर’ ही अदृश्य खूण वापरतात. संगणकाच्या लेखी हे तीन वेगळे शब्द.

इथे सेटर कामी येतो, म्हणजे व्हॅल्यू साठवताना आपोआप चालणारं फंक्शन. कोडमध्ये ‘शेतकरी.गाव’ला व्हॅल्यू देणारी ओळ साधीच दिसते, पण त्या क्षणी भाषा आपण लिहिलेलं फंक्शन चालवते. पायथॉनमध्ये ही सोय २००१ पासून आहे, जावास्क्रिप्टच्या अधिकृत मानकात ती २००९ मध्ये आली. त्या फंक्शनमध्ये मागचीपुढची स्पेस काढायची आणि युनिकोडचं ‘एनएफसी’ हे प्रमाणीकरण लावायचं. पहिली दोन रूपं एक होतात. जॉइनरवालं तिसरं मात्र एनएफसी बदलत नाही; त्यासाठी वेगळा नियम आपणच लिहायचा. मराठी डेटा हाताळणाऱ्या प्रत्येकाने हा नियम लिहायलाच हवा, असं मला ठामपणे वाटतं.

सेटरच्या आत पुन्हा त्याच प्रॉपर्टीला (इथे ‘गाव’ या रकान्याला) व्हॅल्यू दिली, तर तो स्वतःलाच बोलावत राहतो आणि प्रोग्रॅम कोसळतो. म्हणून खरी व्हॅल्यू वेगळ्या, आतल्या नावाने ठेवतात.

याहून घातक चूक गुपचूप होते. वजन टनात येतं, आपल्याला किलोत हवं, म्हणून सेटरमध्ये हजाराने गुणलं. १२ टनांचे १२,००० किलो झाले. उद्या डेटाबेसमधून तीच नोंद वाचताना सेटर पुन्हा चालला, की १,२०,००,००० किलो! कुठेही एरर येत नाही. स्पेस काढणं किंवा एनएफसी लावणं दहादा केलं तरी निकाल तोच राहतो. गुणाकाराचं तसं नाही. सेटरमध्ये काय बदलावं, हे याच कसोटीवर ठरवावं. टनांसाठी ‘टनात_वजन_भर’ असं वेगळं फंक्शन ठेवावं, म्हणजे वाचणाऱ्यालाही एकक दिसतं. आणि वजन ऋण आलं, तर सेटरने ते शून्य करून पुढे जाऊ नये; तिथेच एरर द्यावी.