सोळा फुटांच्या हॉलमध्ये हरवलेला डग्गा

गेल्या महिन्यात आमच्या घरी दोन मित्रांचं चांगलंच वाजलं. स्पीकरची जोडी तीच, रेकॉर्डिंगही तेच, विलंबित एकतालातला ख्याल. सोफ्यावर रेलून बसलेला म्हणाला, "डग्गा फार घुमतोय रे, गाणं झाकून टाकतोय." त्याच्या पुढे खुर्ची टाकून बसलेला म्हणाला, "कुठला डग्गा? मला नुसती चाट ऐकू येतेय." (डग्गा म्हणजे तबल्याच्या जोडीतला खर्जाचा भाग, चाट म्हणजे तबल्याच्या काठावरचा टणक आवाज.) एकाने स्पीकर बाद ठरवले, दुसऱ्याने पहिल्याचे कान. अर्ध्या तासाने तिसऱ्याने नेहमीचा तोडगा काढला, "सोडा ना, आवड ज्याची त्याची."

स्पीकरच्या बाबतीत हे वाक्य मला मुळीच पटत नाही. ते गेल्यावर मी मोजपट्टी काढली. सोफ्यावर बसणाऱ्याचं डोकं मागच्या भिंतीपासून एक फुटावर येत होतं, खुर्चीवरच्याचं चार फुटांवर. मधल्या तीन फुटांत डग्गा हरवला होता. आणि तो नेमका तिथेच हरवणार, हे कागद-पेन्सिल घेऊन आधीच सांगता आलं असतं.

परातीत पाणी घेऊन चालून बघा. दोन पावलांत पाणी हेलकावे खायला लागतं. एका काठाला चढतं तेव्हा दुसऱ्या काठाला उतरतं, पण बरोबर मध्यावर पातळी जवळपास हलत नाही. खोलीतल्या हवेचंही असंच होतं. पाण्याच्या उंचीच्या जागी हवेचा दाब धरा. आमचा हॉल सोळा फूट लांब, म्हणजे ४.८८ मीटर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. एका भिंतीपासून दुसरीपर्यंत जाऊन परत यायला ९.७६ मीटर, म्हणजे सेकंदाला ३५ फेऱ्या. स्पीकरने ३५ हर्ट्झचा स्वर काढला, की भिंतीवरून परत आलेली प्रत्येक लाट नव्या लाटेच्या तालात मिसळते. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का देत राहावं तसा हेलकावा वाढत जातो. शाळेत दोरीवर दाखवतात तोच हा स्थिर तरंग, फक्त दोरीच्या जागी हॉलभर हवा.

आता दुप्पट घ्या, ७० हर्ट्झ. हेलकाव्याचे दोन भाग पडतात. दाब दोन्ही भिंतींपाशी आणि हॉलच्या मध्यावर, आठ फुटांवर, जोरात वरखाली होतो. कुठल्याही टोकापासून चार फुटांवर मात्र तो जवळजवळ स्थिर राहतो. हवा तिथे सर्वांत जास्त पुढेमागे धावत असते, पण आपला कान हवेचं धावणं ऐकत नाही, दाबातला बदल ऐकतो. चार फुटांवरची ती खुर्ची अशा शांत जागी होती. डग्ग्याच्या खोल 'घे'चा मूळ स्वर साधारण याच भागात फिरतो. मनगट सरकवून मींड घेतली की तो वर चढतो, त्यामुळे सोफ्यावरून एकच 'घे' सुरुवातीला अंगावर आल्यासारखा वाटायचा आणि चढता चढता विरून जायचा. वादकाने तसं काही वाजवलेलं नव्हतं.

हे स्वतः करून बघण्यासारखं आहे. फोनवर स्वर निर्माण करणारं एखादं मोफत अॅप घ्या, ७० हर्ट्झ लावा, स्पीकरला जोडा आणि हळूहळू भिंतीकडून खोलीच्या मध्याकडे चाला. मी चाललो तेव्हा चौथ्या फुटाच्या आसपास आवाज इतका पडला की अॅम्प्लिफायर बंद झाला की काय, असं वाटलं. एक पाऊल मागे सरकलो, पुन्हा भरून आला. त्या जागी मी फरशीवर खडूने फुली मारून ठेवली आहे.

तानपुऱ्याबाबत मात्र दोघांपैकी कोणाचीच तक्रार नव्हती. काळी एकच्या, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या, षड्जाला लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे खुर्चीवर तोही गायब व्हायला हवा. पण जवारीमुळे, म्हणजे तारेखालच्या घोडीच्या वळणामुळे, त्या तारेतून १३९, २०८, २७७ असे वरचे स्वरांश भरपूर निघतात, आणि त्यांच्यातलं समान अंतर ओळखून मेंदू मूळ स्वर स्वतःच पुरवतो. स्वर ऐकू येतो, त्याचं वजन तेवढं जातं. डग्ग्याचं बरंचसं वजन मूळ स्वरातच असतं, म्हणून तिथे मेंदूची ही भरपाई पुरत नाही.

आतापर्यंत फक्त लांबी पाहिली. रुंदी दहा फूट, तिचा पहिला हेलकावा ५६ हर्ट्झला. उंची साडेनऊ फूट, तिचा ५९ ला. दोन्ही जवळ आले की त्या भागात उंचवटा होतो, आणि ३५ ते ५६ च्या मधले स्वर पोरके राहतात. शिवाय दोन किंवा तीन दिशांना एकदम चालणारे तिरपे हेलकावे असतात. वारंवारता वाढत जाते तशी त्यांची गर्दी वाढते, आणि एका मर्यादेनंतर ते एकमेकांत इतके मिसळतात की वेगळे ओळखू येत नाहीत. ही मर्यादा श्रोडर वारंवारता म्हणून ओळखली जाते. खोलीतला आवाज विरायला लागणाऱ्या सेकंदांना घनमीटरमधल्या आकारमानाने भागा, त्याचं वर्गमूळ घ्या आणि २००० ने गुणा. आमचा हॉल ४३ घनमीटर, विरण्याचा वेळ ०.६ सेकंद धरला तर उत्तर सुमारे २३६ हर्ट्झ येतं. त्याच्या खाली तुम्ही मुख्यतः खोली ऐकता, वर गेलात की स्पीकरचं राज्य सुरू होतं.

म्हणून परदेशी समीक्षा वाचून स्पीकर घेणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो. अमेरिकेतल्या बहुतेक घरांच्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेले जिप्समचे पत्रे. खालच्या स्वरांना त्या थोड्या लवतात, काही ऊर्जा गिळतात, काही बाहेर जाऊ देतात. आपल्या फ्लॅटमध्ये विटा आणि आरसीसी, वर-खाली स्लॅब. त्या लवत नाहीत, लाट जशीच्या तशी परत पाठवतात. तिथे भरदार वाटलेला स्पीकर इथे घुमतो, यात स्पीकरचा दोष नाही.

यावर उपाय म्हणून भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवणारे अजून आहेत. ७० हर्ट्झच्या लाटेची लांबी ४.९ मीटर, ट्रेची खोली चार-पाच सेंटिमीटर. लाटेला तो ट्रे दिसतही नाही. फोमचंही खालच्या स्वरांपुढे फारसं चालत नाही, कारण फोम हवेच्या धावण्याला अडवतो, आणि भिंतीला लागून हवा धावतच नाही, तिथे नुसता दाब असतो.

याहून वाईट धंदा केबलचा. हजारो रुपयांची तार विकणारे 'उघडलेला आवाज' आणि 'तार मुरल्यावरचा गोडवा' सांगतात. साधं गणित करा. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, जायला तीन मीटर, यायला तीन मीटर. रोध होतो सुमारे ०.०४ ओहम. स्पीकर आठ ओहमचा. आवाजात फरक पडतो ०.०४ डेसिबेलचा, जो कुणालाच ऐकू येणार नाही. ही निव्वळ अंधश्रद्धा आहे, आणि शिकलेली माणसं तिला बळी पडतात याचा मला राग येतो.

मग आवड नावाचं काही असतंच की नाही? याचा नेटाने शोध घेतला तो फ्लॉइड टूल यांनी, १९८०च्या दशकात, कॅनडातल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये. आवाज आरपार जाईल अशा पडद्यामागे स्पीकर ठेवून, सगळ्यांची पातळी सारखी करून त्यांनी लोकांना ऐकवलं. पातळी सारखी करणं महत्त्वाचं, कारण किंचित मोठा आवाज लगेच 'जास्त चांगला' वाटतो. पडद्यामागचं ऐकून दिलेले कौल आश्चर्य वाटावं इतके जुळले. समोरून सपाट, म्हणजे सगळे स्वर सारख्याच जोराने, आणि बाजूलाही त्याच वळणाने जाणारा आवाज देणारे स्पीकर लोकांना आवडत होते. पुढे टूल हार्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत गेले. तिथे त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये ४० जणांना तेच चार संच एकदा पडद्यामागून आणि एकदा उघड्यावर ऐकवले. उघड्यावर छोट्या, स्वस्त संचाचे गुण घसरले आणि भारदस्त दिसणाऱ्यांचे वाढले. मला सर्वांत बोलका वाटतो तो त्यातलाच आणखी एक निष्कर्ष. स्पीकरची खोलीतली जागा बदलली की पडद्यामागून ऐकणाऱ्यांचे गुण बदलत, पण स्पीकर डोळ्यांसमोर असला की तोच बदल त्यांना फारसा जाणवत नसे.

ऑलिव्ह यांनी २००३ मध्ये २६८ श्रोत्यांची तुलना प्रसिद्ध केली. तरबेज कानांचे आणि साधे श्रोते यांनी लावलेला क्रम जवळपास एकच होता, तरबेज लोक गुण देताना कंजूष होते इतकंच. २००४ मध्ये त्यांनी ७० स्पीकरांच्या मोजमापांवरून पसंतीचा अंदाज बांधला, तेव्हा पसंतीतला सुमारे ३० टक्के वाटा खालच्या स्वरांचा निघाला. तोच भाग, जो खोली फुटागणिक बदलून टाकते.

पुढच्या बैठकीआधी मी सोफा दीड फूट पुढे ओढला. डोकं भिंतीपासून अडीच फुटांवर आलं, तिथे ७० हर्ट्झचा दाब भिंतीलगतच्या मानाने सुमारे ५ डेसिबेल कमी असतो, पण नाहीसा होत नाही. स्पीकरपुढे पलंगपोस टांगायचा विचार होता, पण जाड कापड वरचे स्वर खातं, म्हणून मलमलीची जुनी साडी टांगली. दोघांना आळीपाळीने सोफ्यावरच्या त्याच जागी बसवलं आणि तोच ख्याल लावला. या वेळी दोघांनाही डग्गा ऐकू आला, चाटही ऐकू आली, आणि स्पीकर चांगले आहेत यावर वाद झाला नाही. मग एकेकाच्या हातात खालच्या स्वरांचं बटण दिलं. खुर्चीवाल्याने ते मधोमध ठेवलं. सोफ्यावर घुमण्याची तक्रार करणाऱ्याने ते हळूच उजवीकडे, दोन डेसिबेल वर नेलं.