नदीकाठची झाडी आणि पाण्याची शुद्धता

नदी, ओढा किंवा तलावाच्या काठावरची आणि पाणलोटातली झाडी पाण्यात उतरणारा गाळ आणि खतांचे अंश अडवते, तसेच पाणी तापू देत नाही. सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या कडेने वाळुंज, करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन ही झाडे आपसूक येतात. त्यांच्या मुळांच्या जाळ्याने दरड धरून ठेवलेली असते. पुराने काठ खचतो तो बहुधा जिथे ही मुळे उरलेली नसतात तिथे.

श्रेय झाडाच्या शेंड्याला मिळते, काम मात्र बुंध्याशी चालते. उघड्या जमिनीवर आदळलेला पावसाचा थेंब मातीचे कण उडवतो, त्या बारीक कणांनी जमिनीची छिद्रे बुजतात आणि पाणी मुरायचे सोडून गढूळ होऊन वाहू लागते. पालापाचोळा हा मार स्वतःवर घेतो. त्याच्याखाली गांडुळांनी आणि कुजलेल्या मुळांनी केलेल्या वाटांतून पाणी सावकाश जमिनीत उतरते आणि ओढ्याला झऱ्याच्या रूपाने, गाळून मिळते. नुसते उंच झाड असून भागत नाही. सागाच्या पानावर पाणी जमून मोठाले थेंब होतात आणि उंचावरून पडतात. खालचा पाला वणव्यात जळालेला असेल, झुडपे साफ केलेली असतील, तर सागाखालची माती उघड्या माळापेक्षाही जास्त धुपू शकते. त्यामुळे ‘वृक्षारोपण’ म्हणजे जलसंवर्धन असे सरसकट धरून चालणे चूक आहे.

शेतातल्या खताचे स्फुरद (फॉस्फरस) बरेचसे मातीच्या कणांना चिकटून येते, म्हणून गाळ थांबला की तेही थांबते. नत्राची, म्हणजे नायट्रोजनची, गोष्ट वेगळी. ते नायट्रेट होऊन पाण्यात विरघळते आणि जमिनीखालून झिरपत ओढ्याकडे सरकते. वाटेत त्यातले काही झाडांची मुळे शोषतात. काठाच्या सदा ओल्या, हवा कमी असलेल्या मातीत जिवाणू त्याचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. त्यांना लागणारे खाद्य कुजक्या पाल्यातून मिळते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट चालत नाही, आणि पाणी उकळून ते जात नाही.

सावलीचाही हिशेब आहे. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशाला जेमतेम साडेसात. काठ बोडका झाला की उन्हाळ्यात डोहातले मासे वर येऊन तोंड उघडू लागतात, त्यामागे हेही एक कारण असते.

मुंबईत या विषयाचा नमुना शेजारीशेजारी पाहायला मिळतो. १८६० मध्ये पूर्ण झालेला विहार आणि १८७९ मधला तुळशी हे दोन्ही तलाव आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलाने वेढलेले आहेत. शहराच्या एकूण पुरवठ्यात त्यांचा वाटा थोडाच, पण त्यांचे पाणी शुद्धीकरणानंतर अजूनही प्यायला दिले जाते. विहारला लागूनच असलेल्या पवई तलावाभोवती इमारती वाढल्या; सांडपाणी आणि गाळ येत राहिला, जलपर्णी माजली. ते पाणी पिण्यासाठी वापरले जात नाही. अर्थात पवईचा दोष एकट्या झाडतोडीवर टाकता येणार नाही. गटाराचे तोंड थेट तलावात सोडले तर काठावर कितीही झाडे लावा, पाणी त्यांच्या मुळांपर्यंत पोचतच नाही.

झाड अगदी पाण्यावर वाकलेले असणेही सगळीकडे चांगले नसते. वाहत्या ओढ्यात गळलेला पाला खेकड्यांचे, किड्यांचे अन्न होतो; विहिरीच्या साचलेल्या पाण्यात मात्र तो कुजून प्राणवायू खातो आणि पाण्याला वास येतो.

निवळी या झाडाचा प्रकार मात्र निराळाच. त्याचे बी माठाच्या आतल्या बाजूला घासून गढूळ पाणी ओतायचे, की काही वेळाने गाळ तळाशी बसतो. संस्कृतात त्याला कतक म्हणतात, आणि मनुस्मृतीत एक दाखला येतो: कतकाचे फळ पाणी स्वच्छ करते खरे, पण त्याचे नुसते नाव घेऊन पाणी निवळत नाही.