‘कुंकू’च्या शेवटामागचा कायदा

प्रभातचा ‘कुंकू’ हा १९३७ सालचा चित्रपट पाहून उठलेल्या आजच्या प्रेक्षकाची एक तक्रार हमखास असते: शेवट भडक आहे. फसवून लग्न लावलेली नीरा म्हाताऱ्या नवऱ्याला पुरून उरते, त्याचं मन पालटतं, आणि मग काकासाहेब तिला दुसरं लग्न करायला सांगून स्वतःचा जीव देतात. नवऱ्याला मारून प्रश्न निकालात काढला, असं वाटतं. पण काकासाहेब पेशानं वकील आहेत. त्यांचं कायद्याचं कपाट उघडून १९३७ साली नीरेला सुटायला कुठली वाट होती ते एकेक करून पाहिलं, तर या शेवटाकडे वेगळ्या नजरेनं बघावं लागतं. या लेखात ते कपाट आणि त्यामागचा इतिहास दोन्ही पाहू.

आधी कथा थोडक्यात. नीरा अनाथ, मामाच्या घरी वाढलेली. मामा-मामी कारस्थान करून तिला काकासाहेब या वयस्क विधुराच्या गळ्यात बांधतात. काकासाहेबांना नीरेच्याच वयाची मुलं आहेत. मुलगा पंडित सावत्र आईवर वाईट नजर ठेवतो. मुलगी चित्रा विधवा आहे आणि समाजकार्य करते. घरात एक खाष्ट काकू. नीरा रडत बसत नाही, पळूनही जात नाही. दुःख सोसेन, अन्याय सोसणार नाही, असं म्हणते आणि नवऱ्याला जवळ येऊ देत नाही. सगळं घर तिला कुलबुडवी ठरवतं. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी हा चित्रपट मराठीत आणि ‘दुनिया न माने’ या नावानं हिंदीत केला.

मामाचा डाव जमला कसा, हे समजायला त्या काळच्या लग्नाचा हिशोब पाहायला हवा. पांढरपेशा जातींत विधवेचं पुनर्लग्न रूढीनं बंद होतं. विधुराला मात्र मोकळीक होती, आणि विधवा चालत नसल्यानं त्यानं करायची ती कुमारिकाच. मुलींची लग्नं आठ-दहाव्या वर्षी उरकायची, म्हणजे चाळिशीच्या विधुरालाही मुलगी मिळायची ती दहा-बारा वर्षांची. प्रथमवराला हुंडा द्यावा लागे. बिजवर हुंडा मागत नसे, दोन्हीकडचा लग्नखर्च उचले, वर कधी मुलीच्या बापाच्या हातावर रोकडही ठेवी. पोरकी मुलगी सांभाळणाऱ्या मामाच्या दृष्टीनं एक खर्च टळत होता आणि चार पैसे सुटत होते. शास्त्रानं या कन्याविक्रयाला नावं ठेवली होती, व्यवहारानं त्याला चटावलेले दलाल दिले होते.

सुधारकही या चरकातून सुटले नाहीत. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते महादेव गोविंद रानडे १८७३ साली विधुर झाले आणि वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. उलट धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवा गोदूबाईंशी लग्न केलं आणि मुरुडच्या लोकांचा बहिष्कार पत्करला. दोघेही विधुर, दोघांच्या घरची माणसं जुन्या वळणाची. फरक पडला तो घरच्यांना दिलेल्या उत्तरात.

नीरेच्या ‘नाही’ला एक खरीखुरी पूर्वज आहे. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झालं, पण त्या सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच वाढल्या आणि नांदायला गेल्याच नाहीत. १८८४ साली दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. न्या. पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला: समज येण्याच्या वयाआधी लागलेलं लग्न आणि कधी सुरूच न झालेला संसार, तिथे ‘पुन्हा’ नांदायला पाठवायचं कसं? अपिलात तो निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी महिन्याच्या आत नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी कैद पत्करेन असं कळवलं. अखेर १८८८ मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं. रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या.

या खटल्यात दोन्हीकडून घरच्या माणसांवर आरोप झाले, ते नीट वाचण्यासारखे आहेत. रखमाबाईंच्या वडिलांची मालमत्ता होती. दादाजींचं म्हणणं असं की ती हातची जाऊ नये म्हणून आई आणि आजोबा मुलीला पाठवत नाहीत. रखमाबाईंच्या बाजूचं म्हणणं असं की दादाजींच्या मामाचा डोळा त्या मालमत्तेवर आहे. म्हणजे मुलगी स्वतःच्या मनानं नकार देते आहे, यावर विश्वास ठेवायला बरेच लोक तयारच नव्हते. तिच्या मागे कुणीतरी असणारच, अशी खात्री. ‘कुंकू’मध्ये नीरेला माहेरच ठेवलेलं नाही, ही पटकथेची मोठी चाल आहे. मामानं विकलेली पोर, तिला फूस लावणार कोण? तिचा नकार तिचाच आहे, हे मान्य करण्यावाचून प्रेक्षकाला गत्यंतर राहत नाही.

१८९९ साली गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ आलं आणि जरठ-कुमारी विवाह घराघरात बोलला जाऊ लागला. पंचाहत्तरीचा भुजंगनाथ, पैशासाठी मुलगी विकणारा कांचनभट, मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित. नाटक आजही भिडतं. पण लग्न मोडतं कशामुळे, ते पाहा. शारदेच्या नकारामुळे नाही, वर आणि वधू सगोत्र निघतात म्हणून. मंडपातून परतलेली अर्धवट लग्नाची मुलगी आता कुणाची, या बदनामीच्या भयानं ती जीव द्यायला निघते, आणि सप्तपदी झालेली नसल्यानं ती अजून कुमारिकाच ठरते म्हणून कोदंडाशी तिचं लग्न लागू शकतं. शास्त्रात एक फट होती, देवलांनी तिच्यातून नायिकेला बाहेर काढलं. नीरेची सात पावलं पूर्ण झालेली आहेत. तिला ती फट नाही.

मग कायदा. १९२९चा बालविवाह प्रतिबंधक कायदा हरबिलास सारडांच्या नावावरून सारडा कायदा म्हणून ओळखला गेला. मराठी माणसाच्या तोंडी तो ‘शारदा कायदा’ झाला, आणि देवलांच्या नायिकेमुळे ते नाव चिकटूनही बसलं. १ एप्रिल १९३० पासून तो अमलात आला: मुलीचं वय किमान १४, मुलाचं १८. एकविसाच्या पुढच्या पुरुषानं चौदाच्या आतल्या मुलीशी लग्न केलं तर एक महिन्यापर्यंत साधी कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लग्न लावणारा भटजी आणि पालक यांनाही तीच शिक्षा.

कागदावर हे बरं दिसतं. व्यवहारात कुठं अडायचं? पोलीस आपण होऊन हात घालू शकत नव्हते. कुणीतरी तक्रार करायची, तीही लग्नाच्या एका वर्षाच्या आत. तक्रारदाराकडून शंभर रुपयांपर्यंतचा जातमुचलका घेण्याची तरतूद होती, म्हणजे शेजारच्या मुलीसाठी पुढे येणाऱ्याच्याच गळ्यात लोढणं. होऊ घातलेलं लग्न मनाईहुकुमानं थांबवायचा अधिकार न्यायालयाला मिळाला तो १९३८च्या दुरुस्तीनं. आणि सगळं सिद्ध झालं तरी लग्न कायम! नवरा महिनाभर आत जाऊन यायचा आणि बायको त्याचीच राहायची.

नीरेच्या बाबतीत तर हा कायदा दारापर्यंतही पोचत नाही. ती चौदाच्या पुढची आहे, आणि दोघांच्या वयात किती अंतर असावं याबद्दल कायदा अवाक्षर काढत नाही. मामानं केलं ते अगदी कायदेशीर होतं. १८९९ साली प्रश्न होता मुलीच्या लहान वयाचा, १९३७ साली तो झाला तिच्या संमतीचा. आपटे-शांतारामांनी सारडा कायद्याच्या पलीकडे उरलेला भाग नेमका उचलला. ‘कुंकू’ला ‘शारदे’ची पुढची पायरी म्हणायचं ते एवढ्यासाठी.

आता काकासाहेबांचं कपाट उघडू. घटस्फोट? ब्राह्मणी हिंदू विवाहात तो नव्हताच. अनेक जातींत काडीमोड आणि पाट लावण्याची रीत होती, पांढरपेशांनी ती आपल्यापुरती कमीपणाची मानली. संसार सुरूच झाला नाही, हा मुद्दा? विवाह पूर्ण होतो तो विधीनं, शरीरसंबंधानं नाही. फसवणूक? फसवणारा मामा हाच पालक, आणि विधी यथासांग झालेलं लग्न न्यायालय सहसा हलवत नसे. धर्मांतर? १८६६च्या कायद्यानं ख्रिस्ती झालेल्याला, जोडीदार त्या कारणानं नांदायला नाकारत असेल तर, विवाहातून मोकळं होता येई. पण ते कुणी सहज उचलण्यासारखं पाऊल नव्हतं. एक गोष्ट मात्र रखमाबाईंच्या काळापेक्षा सुधारली होती: नांदायला न जाणाऱ्या बायकोला कैदेत टाकण्याची तरतूद १९२३ साली निघून गेली होती. नीरा नकार देऊ शकत होती, तुरुंगाची भीती नव्हती. पण जन्मभर नकारच देत राहायचं, एवढंच तिच्या हाती. उरली विधवाविवाहाची वाट. ती १८५६ पासून कायद्यानं उघडी होती, आणि तिच्यासाठी नवरा मरायला हवा.

तिथेही एक काटा आहे. १९३७ सालीच हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता-हक्काचा कायदा होऊन विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत, हयातीपुरता का होईना, मुलाइतका वाटा मिळाला. पण १८५६च्या कायद्याप्रमाणे पुनर्लग्न करणाऱ्या विधवेचा मृत नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपत असे. दुसरं लग्न कर, या शब्दांची एवढी किंमत होती, आणि वकिलाला ती ठाऊक असणार.

नावातलं कुंकूही याच हिशोबातलं. करंड्यातलं मेण आधी कपाळाला लावायचं, त्यावर बोटानं पिंजर दाबायची, कडा पुसून गोल नीट करायचा: हे मुलगी लहानपणापासून शिकते, लग्नाशी त्याचा संबंध नसतो. लग्नानंतर तेच कुंकू नवऱ्याच्या नावाचं होतं आणि तो गेला की पुसलं जातं. जे जन्मापासून तिचं, ते परक्याच्या आयुष्याला बांधायचं, हीच तर नीरेची तक्रार आहे.

हे पडद्यावर इतकं घरगुती कसं उतरलं? त्याचं मूळ बरंचसं रंगभूमीवर आहे. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेनं ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक सादर केलं. तिथे संवाद बोलल्यासारखे आले, पदं मोजकी, स्त्रीभूमिकेत स्त्री. त्या नाटकातले केशवराव दाते इथे काकासाहेब झाले आणि संगीत दिलं ते त्याच संस्थेच्या केशवराव भोळ्यांनी. दाते काकासाहेबांना खलनायक करत नाहीत. मिशीला पीळ देणारा, तरुण दिसायची धडपड करणारा, आतून ओशाळलेला माणूस दिसतो, म्हणून त्यांचं मन पालटतं ते खरं वाटतं. चित्राच्या भूमिकेत शकुंतला परांजपे आहेत, रँग्लर परांजप्यांची केंब्रिजला शिकलेली कन्या. पुढे संततिनियमनाच्या कामात त्यांनी आयुष्य घातलं. ती व्यक्तिरेखा आणि ती व्यक्ती यांत फार अंतर नव्हतं.

भोळ्यांचं काम इथे फार धाडसी आहे. प्रसंगाला पार्श्वसंगीत नाही. दृश्यात जे वाजू शकतं तेवढंच ऐकू येतं. त्यामुळे भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक काकासाहेबांच्या वयासारखी घरभर चालत राहते, आणि नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते तेव्हा तिच्या आवाजाला आडोसा देणारा वाद्यमेळ नसतो. नीरा साकारणाऱ्या शांता आपटे तेव्हा विशीच्या आसपास होत्या. चित्रपट पाहताना या टिकटिकीकडे आणि फुटक्या आरशात काकासाहेब स्वतःला पाहतात त्या जागेकडे लक्ष द्यावं. त्यांचा निर्णय संवादात येण्याआधी तिथे होतो.

पुढे काय झालं? १९४६च्या कायद्यानं हिंदू पत्नीला काही कारणांसाठी वेगळं राहून पोटगी मागता येऊ लागली, मुंबई प्रांतानं १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा केला, १९५५ साली देशभराचा विवाह कायदा आला. यांतल्या घटस्फोटाच्या कारणांच्या यादीत नवऱ्याचं वय किंवा मनाविरुद्ध लग्नाला उभं राहणं बसत नव्हतं. दुसऱ्याचा दोष दाखवावा लागे. शेवटच्या प्रसंगात नीरेलाही सुटायचं असतं आणि काकासाहेबांनाही तिला सोडायचं असतं. दोघांच्या संमतीनं विवाह मोडण्याची सोय हिंदू विवाह कायद्यात कलम १३-ब म्हणून आली ती १९७६ साली, ‘कुंकू’नंतर एकोणचाळीस वर्षांनी.